ती ‘जाते’ म्हणाली होती

केंब्रिज, ऑन्टारिओ
१० सप्टेंबर २०१७

चि. मिलिंद यास,

आईचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी ते येतातच, तुमच्याकडच्या पावसासारखे. आम्ही इकडे खुशाल आहोत. तू तिकडे खुशाल आहेस हे सुरेखा रोज फोनवर तुझ्याकडून वदवून घेते, तेव्हा ते विचारत नाही.

अक्षर ओळखलं असशीलच. सांगणारी मी, लिहिणारी तुझी बायको. तुझे वडील, जनार्दन मास्तर, अख्ख्या तासगावाला मुळाक्षरं गिरवायला लावून गेले, पण मी काही त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसले नाही. एका घरात एक मास्तर पुरे, म्हटलं. त्याचं फळ आज मिळतंय, सुनेच्या हातात सापडलेय. मी सांगते तेवढंच ही लिहिते की स्वतःचं काही घुसडते, कोण जाणे. मधूनमधून परत वाचून दाखवायला लावते.

डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. समोरच्या कॉन्डोतल्या बाईनं कुठल्या रंगाचे पडदे लावलेत ते आता मला दिसतं. नसतं दिसलं तरी चाललं असतं. सुरेखाला आणखी थोडे दिवस ठेवून घेते, डोळ्यात थेंब घालायला माणूस लागतं. “आई, थेंब कधीच संपले,” असं ती आत्ता म्हणाली. हे लिहू नको म्हटलं, तर तेवढंच लिहिलंन् ठळक अक्षरात.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? अरे, फोनवर तुझ्या लेकीचं, गौरांगीचं नाव निघालं की तुझ्या दारावर कुणीतरी बेल वाजवतं. देशाच्या त्या टोकाला, कोक्विटलाममध्ये तुझ्याकडे इतकी माणसं येतात-जातात हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही होतो तेव्हा तर चिटपाखरू फिरकायचं नाही. पत्राला बेल ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

तर ऐक. तुझी मुलगी कॉलेजच्या मुलींच्या सॉकर टीमची हेड कोच झाली त्याला आता तिसरा सीझन. हेड कोच म्हणजे मला वाटलं होतं मोठा साहेब, शिट्टी वाजवली की शिपाई धावतो. पहिल्या दिवशी कौतुकानं मैदानावर गेले तर ही एकटी वाकून गवतावर नारिंगी रंगाचे प्लास्टिकचे कोन मांडतेय. म्हटलं, “अगं, तुझा हाताखालचा माणूस कुठंय?” तर म्हणाली, “आजी, तोच माणूस म्हणजे मी. ॲन्ड आय ॲम ऑल्सो द साहेब.”

त्याआधी ती चार वर्षं असिस्टंट होती, ते तू कधी विचारलं नाहीस. व्हॅन चालवायची, जर्सी धुवायची, सकाळी कॉलेजच्या जिममध्ये नोकरी, संध्याकाळी मैदान. मधेच परीक्षा देऊन आली आणि सांगते, “मला लायसन्स मिळालं.” मी म्हटलं, गाडी तर तू कधीपासून चालवतेस. तर ते कोचचं लायसन्स. त्यालाही परीक्षा असते म्हणे. हेड कोचची जागा निघाली तेव्हा मुलाखतीला समोर पाच जण. एकानं विचारलं, तुमच्यापेक्षा अनुभवी पुरुष अर्ज करून बसलेत, तुम्हालाच का घ्यावं? ती म्हणाली, “त्यांना टीम नव्यानं ओळखून घ्यावी लागेल. मी चार वर्षं या मुलींचे मोजे धुतलेत, कोण पळते आणि कोण पळाल्यासारखं करते ते मला माहीत आहे.” घेतली तिलाच.

पहिला सीझन पडझडीचा गेला. हरून हरून आमच्या घरात भाजीसुद्धा हरल्यासारखी लागायची. दुसऱ्या वर्षी तिनं नियम काढला, जी मैदानात जास्त वेळ खेळते तिनं सामान जास्त उचलायचं. गोलाच्या जाळ्या, पाण्याचे डबे, चेंडूंच्या पिशव्या. बेंचवर बसून राहिलेल्या मुली मोकळ्या हातानं पुढं चालणार. टीममधल्या सगळ्यात हुशार पोरीला ते मानवलं नाही. गेली सोडून. सगळे म्हणाले, कोच संपली आता. संपली नाही. यंदा आमच्या भागात आम्ही पहिल्या आहोत, आणि लोक गाडी लांब लावून बघायला येतात.

मी तिला एकदा विचारलं, “तू खेळायचीस ते जास्त आवडायचं की हे?” म्हणाली, “आजी, खेळताना मला फक्त बॉल दिसायचा. बाहेर उभी राहिले की सगळ्या दिसतात.” हे मला पटलं. सैपाकघरातून अख्खं घर दिसतं, तसंच.

ती इकडे का आली आणि कशी आली, तो विषय मी काढत नाही. आज हवा छान आहे.

मी इथं महिन्याभरासाठी आले होते, तिला पोळ्या शिकवायला. अजून शिकली नाही, म्हणून राहिलेय. मुद्दाम शिकत नसेल असा मला संशय आहे.

हो, एक राहिलंच. देशभरच्या कॉलेजांची स्पर्धा नोव्हेंबरात तुमच्याकडे आहे. सुरेखा म्हणते, मैदान आपल्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. आमची टीम तिथवर पोचेल की नाही सांगता येत नाही. सहज कानावर घातलं.

तब्येतीला जप. फ्रीजरमधलं सगळं एकदम संपवू नकोस.

तुझ्या दारावरच्या बेलला वैतागलेली,
आई


केंब्रिज, ऑन्टारिओ
३० ऑक्टोबर २०१७

चि. मिलिंद यास,

अनेक आशीर्वाद, आणि थोडी चिडचिड. दोन्ही एकाच पाकिटात येतायत, वेगळं करून घे.

पत्राचं उत्तर आलं नाही. ते येणार नव्हतंच. पण सुरेखाला तू फोनवर विचारलंस म्हणे, “तिथं मैदान खऱ्या गवताचं आहे की प्लास्टिकचं?” थंडी किती, स्नो पडला का, हे सगळं सोडून गवताची चौकशी! मी हसले ते फोनमधून ऐकू आलं असेल तर बरंच झालं. खऱ्या गवताचं आहे. आणि खूप चिखल होतो.

आता बातमी. आम्ही प्रांतात जिंकलो. देशाच्या स्पर्धेला येतोय. म्हणजे त्या येतायत, मी नाही. माझे गुडघे विमानात बसायला तयार नाहीत. सुरेखा त्यांच्याबरोबरच येईल आणि मग घरीच राहील, तेव्हा तुझं फ्रीजरचं राज्य संपलं.

पण जिंकण्याआधी काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण त्यात तू आहेस.

उपांत्य फेरीची मॅच आमच्याच मैदानावर होती. मॅचला निघताना मी गौरांगीच्या हातावर दही-साखर ठेवते. यंदा ते टीमच्या मुलींनी पाहिलं आणि आता सगळ्या रांग लावतात. गोलकीपर हिबो तर दोनदा घेते, दोन हातांचं काम आहे म्हणून. एक पोरगी दूध-दही शिवत नाही, तिच्यासाठी सोयाबीनचं दही आणलंय. देवाला चालतं की नाही माहीत नाही, पण ती गोल मारते. तर दही-साखर देऊन मी माझ्या घडीच्या खुर्चीवर बसले, आमच्या बेंचच्या मागंच. पांघरूण, थर्मास, सगळं जवळ. आणि मी ओरडते. आधीच सांगते, मी ओरडते. रेफ्रीला मराठी येत नाही, मग काय हरकत आहे?

पण आमच्या टीममध्ये केया म्हणून एक मुलगी आहे. नागपूरच्या राजन म्हणून कॉम्प्युटरवाल्याची लेक, मागच्या फळीत खेळते. तिला येतं. घरात आजी आहे तिच्या.

झालं असं की समोरची एक लाल जर्सीवाली बॉल घेऊन यायला लागली आणि केया तिच्या अंगावर धावली. बरोबर धावली होती म्हणे, नंतर कळलं. मला वाटलं मागं मोकळं पडलं, म्हणून मी जीव खाऊन ओरडले, “केया, मागं फिर गं! मागं!” आणि ती फिरली की! पळता पळता वळली. आजीनं हाक मारली की वळायचं, हे बिचारीच्या हाडात मुरलेलं. लाल पोरीला रस्ता सापडला, आणि गोल.

हाफ झाला. गौरांगी सरळ माझ्यापुढे येऊन उभी.

“आजी, ऊठ.”

“का गं?”

“तू पलीकडच्या बाजूला बस.”

“तिकडे वारा आहे.”

“तिकडून तुझा आवाज पोचत नाही.”

सगळ्यांच्या समोर, मिलिंद! सुरेखा तोंडात मफलर कोंबून हसत होती. आता लिहिताना पण हसतेय, अक्षर वाकडं आलंय बघ. मला बाहेर काढलं खरं, पण खुर्ची आणि पांघरूण गौरांगीनं स्वतः उचललं आणि अख्खं मैदान वळसा घालून मला नेऊन बसवलं. पांघरूण पायांवर नीट खोचलं. मग म्हणाली, “नॉट अ वर्ड,” आणि गेली.

पलीकडे बसून उरलेली मॅच बघितली. एक गोष्ट कबूल करते: तिथून सगळं जास्त चांगलं दिसतं. आम्ही दोन-एक जिंकलो. मी न ओरडता.

घरी येताना गाडीत मी गाल फुगवून बसले. सुरेखा मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग करत होती. गौरांगी म्हणाली, “आजी, रागावलीस?”

म्हटलं, “कोच स्वतःच्या आजीला बाहेर काढते?”

“कोच सगळ्यांना काढते. मी बाबांना पण सांगितलं होतं.”

थोड्या वेळानं तिनं आपणहून सांगितलं. युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षी तिनं तुला विनंती केली होती की बाबा, तुम्ही लाइनीच्या पलीकडे उभे राहा, तुम्ही फक्त मलाच बघता, माझीच चूक ओरडून सांगता, बाकी दहा जणी तुम्हाला दिसतच नाहीत. मग तू मॅचला येणंच बंद केलंस. हे मला माहीत होतं. तू तिच्यासाठी देशाच्या टीमच्या निवड-शिबिरात शब्द टाकला होतास आणि ती त्याऐवजी ऑन्टारिओला कोन मांडायला निघाली, हेही माहीत होतं. मला जे माहीत नव्हतं ते पुढं आहे.

ती म्हणाली, “निघायच्या दिवशी मी बाबांना सांगायला गेले. ते दिवाणखान्यात होते. मी म्हटलं, बाबा, मी जाते. ते म्हणाले, जा.”

“मग?”

“मग काय? गेले. ही सेड जा, आजी. मला वाटलं, चला, फॉर वन्स ते हो म्हणाले. मी टॅक्सीत इतकी खूश होते की रडले.”

मिलिंद, इथं मी सुरेखाला थांबवलं होतं आणि पाणी मागितलं होतं. आता पुढं सांगते.

मी तिला विचारलं, “तू ‘जाते’ म्हणालीस?”

“हो. आय ॲम गोइंग. जाते.”

“अगं बाई, आपल्यात घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणतात.”

“येते म्हणजे आय ॲम कमिंग. मी कमिंग नव्हते ना, गोइंग होते.”

“निघताना ‘येते’च म्हणायचं. म्हणजे परत येणार. ‘जाते’ म्हणालं की त्याचा अर्थ…”

“काय अर्थ?”

मी सांगितला. तिनं गाडी रस्त्यावरून काढून कॉफीच्या दुकानापुढे लावली. दोन्ही हात चाकावर. मग म्हणाली, “सेव्हन इयर्स, आजी? फॉर अ व्हर्ब?” व्हर्ब म्हणजे काय ते सुरेखानं मला नंतर सांगितलं. सुरेखा झोपलेली नव्हतीच. तिला त्या दिवसाचं तू एवढंच सांगितलं होतंस की “ती कायमची गेली, तसं तोंडावर सांगून गेली.” ती सैपाकघरात होती, तिला शब्द ऐकू आले नव्हते. आणि मी तेव्हा तासगावला लग्नाला गेले होते. म्हणजे ते दोन शब्द फक्त तुम्ही दोघांनी ऐकले, आणि दोघांनी वेगवेगळे ऐकले. तिला परवानगी ऐकू आली. तुला ताटातूट ऐकू आली.

आता तुला एक विचारते. ही पोरगी लहानपणी “मी आईला मदत होते” म्हणायची आणि तू पोट धरून हसायचास. “माझी पाय दुखतो” म्हणायची. मराठी शिकवायच्या रविवारच्या वर्गातून तूच तिला काढलंस, सॉकरची प्रॅक्टिस बुडते म्हणून. तिच्या मराठीतला एक शब्द कधी तू खरा धरला नाहीस. मग नेमका हाच एक कसा शुद्ध धरलास रे?

उत्तर नको. विचार कर.

थांब जरा, सुरेखाला म्हटलं, मी गोळी घेऊन येते.

(आई गोळी घ्यायला आत गेल्या आहेत. हे मी माझं लिहितेय. अहो, मी त्या दिवशी गाडीत सगळं ऐकलं आणि मला तुमचा राग आला नाही, आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं तुम्ही दिवाणखान्यात ती गेली त्या दाराकडे पाठ करून बसता ते मला वाटायचं रागानं. या वेळी मॅचला या. तिच्यासाठी नाही तर माझ्यासाठी या, मला एकटीला छत्री धरून उभं राहायचा कंटाळा आलाय. आणि राजमा आधी संपवा, छोले टिकतील. सु.)

हं, आले. मी एवढं बोलले नव्हते. कागद भरला कसा? “अक्षर मोठं काढलंय,” म्हणते. ठीक आहे. नवराबायकोत मी पडत नाही, माझ्या पत्रात पडलात तरी.

शेवटचं. मॅच नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी. कोचचा नियम सगळ्यांना सारखा आहे: पलीकडच्या बाजूला उभं राहायचं आणि ओरडायचं नाही. मला तिनं काढलं तेव्हा मी गेले. माझं वय बघ, माझा तोरा बघ, तरी गेले. तुला तर अजून गुडघे आहेत.

खुर्ची न्यायची असेल तर स्वतः ने, तुझी कुणी उचलणार नाही.

तुझ्या लेकीनं पलीकडे बसवलेली,
आई


केंब्रिज, ऑन्टारिओ
२० नोव्हेंबर २०१७

चि. मिलिंद यास,

आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस. सुरेखा आता तुझ्याकडे, म्हणून आमच्या बिल्डिंगमधले दीनानाथ डॉक्टर लिहून देतायत. जन्मभर औषधाच्या चिठ्ठ्या लिहिलेलं अक्षर आहे. लागलं नाही तर फार्मसीत नेऊन वाचून घे.

स्पर्धेचं तुला ठाऊकच आहे. पहिली मॅच हरलो, एक-शून्य. पण पुढच्या सगळ्या जिंकल्या आणि देशात पाचव्या आलो. तीन वर्षांपूर्वी ही टीम आपल्या गावात पाचवी नव्हती. कॉलेजनं गौरांगीचं कंत्राट वाढवलंय, आणि आता तिला खरोखरचा असिस्टंट देणार आहेत. मी म्हटलं, आता कोन मांडणार कोण? म्हणाली, “मीच. तो चुकीचे मांडेल.”

पहिली मॅच मी डॉक्टरांच्या लॅपटॉपवर बघितली. कॅमेरा बेंचच्या बाजूला होता, त्यामुळे पलीकडची लाइन समोर दिसत होती. तुमच्याकडे एवढा पाऊस, पण तिथली गोरी माणसं टोप्या ओढून भिजत उभी. छत्री दोघांचीच. एक सुरेखाची लाल, आणि तिच्यापासून बरीच लांब एक काळी. बोटाएवढा होतास तू पडद्यावर. डॉक्टर म्हणाले, “कशावरून तुमचाच मुलगा?” म्हटलं, पाठीत पोक काढून, एक पाय पुढं टाकून उभं राहायची ही पद्धत मास्तरांची आहे. दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

दुसऱ्या हाफमध्ये आमची डावी बाजू सारखी फुटत होती. मला कळत होतं तर तुला कळत असणारच. एकदा तू लाइनीपर्यंत पुढं आलास, तोंड उघडलंस, आणि स्वतःच्याच हातानं ते दाबून धरलंस. डॉक्टरांना मी ते दोनदा मागं नेऊन दाखवायला लावलं. मला मॅच हरल्याचंसुद्धा दुःख झालं नाही, इतकं ते बघून बरं वाटलं.

मॅच संपल्यावर पडदा काळा झाला. पुढचं मला गौरांगीनं घरी आल्यावर सांगितलं, आणि सुरेखानं फोनवर. तू म्हणशील, मी तिथंच होतो, मला काय सांगतेस? सांगते, कारण मागच्या वेळी तुम्ही दोघं तिथंच होतात आणि काय झालं ते बघितलंय. या वेळी कोण काय बोललं आणि कुणाला काय ऐकू आलं, ते मी तपासून घेणार आहे.

ती अख्खं मैदान ओलांडून तुझ्याकडे आली. हरलेली, भिजलेली. आणि तिनं तुला विचारलं, “बाबा, डावी बाजू कशी वाटली तुम्हाला?”

तू म्हणालास, “मी खेळ बघितलाच नाही. तुलाच बघत होतो.”

ती म्हणाली, “ओके.” आणि वळून बसकडे गेली.

बरोबर? सुरेखाही तेच म्हणते. आणि मग पुढच्या मॅचना काळी छत्री दिसली नाही. सुरेखाला तू सांगितलंस, “तिला मी आलेलं आवडलेलं दिसत नाही.” मला वाटलंच होतं! बाप तसा, लेक तशी. अर्धं वाक्य बोलायचं आणि उरलेलं स्वतःच्या मनानं भरून रुसून बसायचं.

आधी तिला काय ऐकू आलं ते ऐक. ती सिंकपाशी भांडी घासत होती. म्हणाली, “आजी, ही डिड इट अगेन. मी टीमबद्दल विचारलं आणि बाबा परत मलाच बघत होते. सेम ओल्ड बाबा.”

मी म्हटलं, “अगं, तेव्हा तू खेळायचीस. तेव्हा तुझ्याकडे बघायचा ते चुका काढायला. आता तू काय करत होतीस?”

“काही नाही. उभी होते.”

“पावसात नुसती उभी होतीस. उभ्या माणसाच्या काय चुका काढणार तो? तरी मॅचभर बघत होता.”

मिलिंद, तिनं घासलेली ताटली परत घासली. मग परत एकदा. म्हणाली, “हे त्यांनी असं का नाही सांगितलं?”

म्हटलं, “मास्तराचा मुलगा आहे. त्या घरात चूक झाली तरच तोंड उघडायचे. चांगलं झालं की गप्प बसायचे, तेच कौतुक. मी पन्नास वर्षं ते कौतुक खाल्लंय, मला चव माहीत आहे.”

आता तुझी पाळी. “ओके” म्हणजे तुला वाटलं तिनं झटकून टाकलं. नाही रे. मी तिच्याबरोबर राहते, मला तिचे सगळे ओके पाठ आहेत. जेवायला येतेचा वेगळा, आजी कटकट करू नकोचा वेगळा. आणि एक आहे तो म्हणजे, आता पुढं बोलले तर रडेन. तुझ्या वाट्याला तो आला होता. तिच्या पाठीमागे हरलेल्या वीस पोरी थंडीत कुडकुडत उभ्या होत्या, तिच्या तोंडाकडे बघत. त्यांच्यासमोर कोचला रडता येत नाही. म्हणून ती वळली.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबलेत. लिहा हो. तुमच्या पोरांचं नंतर बघू.

आता मुद्द्याचं. काल ती माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, “आजी, बाबांना एक काम सांगशील?” म्हटलं, सांगेन, पण पगार काय? “झीरो.” मग तो करेल, म्हटलं, फुकटच्या कामाला त्यानं कधी नाही म्हटलेलं नाही.

काम असं. तुमच्याकडे जाई म्हणून एक मुलगी आहे, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. डाव्या बाजूनं खेळते. तिनं आमच्या कॉलेजात यायचं म्हणून स्वतःच्या खेळाचा व्हिडिओ पाठवलाय. गौरांगी म्हणते, व्हिडिओत नेहमी बॉल दिसतो, माणूस दिसत नाही. बॉल लांब असतो तेव्हा ही मुलगी काय करते? दुसरीची चूक झाली की कशी वागते? ते मैदानावर जाऊन, पुरता वेळ उभं राहूनच कळतं. तिला तिकडे एक नजर हवी आहे. मी म्हटलं, तिकडे कोच कमी आहेत का? तर म्हणाली, “आजी, एका मुलीकडे अख्खी मॅच न कंटाळता बघणारा एकच माणूस मला माहीत आहे.”

हे वाक्य तिचं आहे, माझं नाही. डॉक्टर साक्षीला आहेत.

शनिवारी सकाळी जाईच्या टीमची मॅच आहे. कुठलं मैदान ते सुरेखाला कळवलंय. जा, आणि बघ. तिच्या आईबापांना तू कोण ते सांगू नकोस. घरी येऊन कोरडा हो, चहा घे, आणि मग फोन लाव. मला नाही, मी उचलणार नाही. हेड कोचला लाव, ती वाट बघत असेल. मराठीत बोल नाहीतर इंग्रजीत बोल, पण मिलिंद, वाक्य पुरं कर. तिनं “ओके” म्हटलं तर फोन ठेवू नकोस. थांब. त्याच्या पुढं ती काहीतरी बोलणार असते, तिला वेळ लागतो.

सुरेखाला आशीर्वाद. तिनं मागच्या पत्रात काय घुसडलं होतं ते मी विचारलेलं नाही.

दोन्ही बाजूंकडून खेळून दमलेली, तरी मैदान न सोडलेली,
तुझी आई